बिननवसाचे रोडगे

अमरावतीसारख्या शहरात एखादा माणूस पोतंभर गवऱ्या विकत घेऊन ऑटोत घालून घरी नेतो, तेव्हा लोक त्याचा काय अर्थ काढतात, हे जन्मभर सरकारी वकिली केलेल्या कमलाकांत चांदूरकरांना कळायला हवं होतं. समोरच्याच्या मनात काय शिजतंय हे ओळखण्यावर तर त्यांची सगळी नोकरी गेली. पण माणूस निवृत्त झाला की आधी डोक्यावरचे केस जातात आणि मग डोक्यातलं बाकीचं एकेक जायला लागतं.

दुकान स्मशानाच्या रस्त्यावरचं होतं, कारण शहरात गवऱ्या हमखास मिळतात त्या तिथेच. दुकानदाराने पोतं भरता भरता आवाज खाली आणून विचारलं, घरचंच कोणी का. चांदूरकरांना वाटलं, घरी वापरायला पाहिजेत का असं विचारतोय; ते म्हणाले, हो, घरचंच. दुकानदाराने हात जोडले, बाकीचं सामानही बांधून देऊ का म्हणाला, आणि नको म्हटल्यावर जरा बुचकळ्यातच पडला. चांदूरकरांना त्याच्या अदबीचा संशय आला. निवृत्तीनंतर इतक्या आदराने त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं. हा माणूस आपल्याला ओल्या गवऱ्या देतोय, असं त्यांनी मनात पक्कं केलं आणि प्रत्येक गवरी वाजवून बघितली. मयताच्या घरचा माणूस गवऱ्या वाजवून घेतो, हे त्या दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

ऑटो कॉलनीत शिरला तो थेट भगवंतरावांच्या फाटकावरून. भगवंतराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कॉलनीचे सचिव आणि चांदूरकरांचे सख्खे शेजारी. सख्खे म्हणजे कंपाउंडची भिंत एकच. चांदूरकर पोतं उतरवून हातपाय धुताहेत तोवर भगवंतराव पांढरा सदरा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे. मागे त्यांच्या पत्नी बेबीताई, पदर तोंडाला लावून. चांदूरकरांच्या पत्नी सरोजिनीबाई चार दिवसांपूर्वीच लेकीकडे अकोल्याला गेलेल्या, घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे हिशेब सरळ होता.

"साहेब, वयनीले केव्हा आनतेत अकोल्याहून?" भगवंतरावांनी गहिवरून विचारलं.

आणायची कशाला, ती आपली आपण येईल रेल्वेने, असं चांदूरकर म्हणाले. हे ऐकून बेबीताई मटकन खाली बसल्या. मग सगळा उलगडा व्हायला बराच वेळ गेला. सरोजिनीबाई जिवंत आहेत आणि नातवाला, सोहमला, खिमट भरवताहेत एवढं सिद्ध करायला व्हिडिओ कॉल लावावा लागला. पलीकडून सरोजिनीबाईंनी भगवंतरावांना पांढऱ्या कपड्यांत बघितलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं. कोणीच गेलं नाही असं सगळे एकदम म्हणाले, त्यामुळे त्यांना तेही खरं वाटलं नाही.

फोन बंद झाल्यावर भगवंतरावांनी टॉवेल खांद्यावरून काढला आणि पोत्याकडे बघितलं. "मंग गवऱ्या काहून?"

इथे खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खरं सांगणं चांदूरकरांना जमण्यासारखं नव्हतं. खरं असं होतं की त्यांच्या लेकीला, श्रावणीला, लग्न आणि मूल झाल्यावर पुन्हा शिकायची उमेद आली होती. अकोल्यात तिने एका अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचं ठरवलं होतं आणि सोहमला सांभाळायला आईने येऊन वर्षभर राहावं अशी तिची इच्छा होती. प्रवेशाची मुदत महिनाअखेरीस संपत होती. सरोजिनीबाईंनाही जायचं होतं. पण एका दुपारी चांदूरकर डोळे मिटून आरामखुर्चीत पडले असताना, बाई फोनवर लेकीला हळू आवाजात सांगत होत्या की मी कशी येऊ गं, यांना गॅस पेटवता येत नाही, दुधावर साय आली तर ते नासलं समजून ओतून देतात, मी आले तर हा माणूस उपाशी मरेल.

ज्याच्या नुसत्या खोकण्याने साक्षीदाराच्या तोंडचं पाणी पळायचं, तो माणूस आपल्याच घरात असा बिनकामाचा ठरला. चांदूरकरांना हे फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते हे, की त्यांच्यामुळे एका पोरीचं शिक्षण अडलं होतं. पुढे पंधरा दिवसांसाठी म्हणून बाई अकोल्याला गेल्या, श्रावणीला तोंडावर नाही सांगून यायला, तेव्हा चांदूरकरांनी ठरवलं की त्या परत यायच्या आत स्वयंपाक शिकायचा.

आता, शहाण्या माणसाने सुरुवात खिचडीपासून केली असती. पण खिचडी करताना कोणी खिडकीतून पाहिलं तर लोक हळहळतात, बिचाऱ्यावर काय वेळ आली म्हणतात. रोडग्यांचं तसं नाही. कणकेच्या पुऱ्या एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा करायचा, गवऱ्यांच्या निखाऱ्यात, म्हणजे जगऱ्यात, पुरून भाजायचा आणि वांग्याच्या भाजीबरोबर तुपात बुडवून खायचा, हा वऱ्हाडात पुरुषांचा मान आहे. बाह्या वर सारून जगऱ्याजवळ बसलेला माणूस कर्तबगार दिसतो. म्हणून चांदूरकरांनी शिक्षणाची सुरुवात या वरच्या वर्गातूनच करायचं ठरवलं. शिवाय जन्मभर ते रोडगे खात आले होते, त्यामुळे अर्धे तर आपल्याला येतातच अशी त्यांची समजूत होती.

यातलं एक अक्षरही भगवंतरावांना सांगणं शक्य नव्हतं. या वयात शिकतोय म्हणजे आजवर येत नव्हतं, अशी ती कबुली झाली असती, आणि त्यांनी आयुष्यभर कबुल्या दुसऱ्यांकडून घेतल्या होत्या. ते म्हणाले, "रोडगे करणार आहे."

भगवंतरावांचा चेहरा उजळला. "नवस फेडून राह्यले का? कशाचा?"

"नवस नाही. असंच."

असंच. हा शब्द त्यांनी उच्चारला आणि कॉलनीची शांतता गेली. असंच म्हणून माणूस भजी करतो, असंच म्हणून चिवडा करतो. रोडगे वऱ्हाडात असंच होत नाहीत. पोराला नोकरी लागावी, जागेचा वाद मिटावा, दुखणं बरं व्हावं म्हणून देवाला बोललेलं असतं आणि ते पूर्ण झालं की मारुतीच्या पाराजवळ रोडग्यांचं जेवण देतात. हल्ली हौसेने पार्ट्या करतात म्हणा, पण त्या मित्रांच्या शेतात, गाजावाजा करून. एकटा माणूस बायको नसताना घराच्या मागच्या अंगणात गुपचूप रोडगे करतो आणि वर नवस नाही म्हणतो, याचा अर्थ नवस आहे आणि तो सांगण्यासारखा नाही. भगवंतराव घरी गेले ते हेच बोलत. संध्याकाळपर्यंत कॉलनीत तीन मतं तयार झाली होती. साहेब महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहताहेत आणि तिकीट पक्कं झालंय, हे एक. लेआउटमधल्या त्यांच्या प्लॉटवरून हायवे जातोय, हे दुसरं. तिसरं मत बेबीताईंचं होतं आणि ते त्या फक्त एकेकाला बाजूला घेऊन सांगत होत्या.

शिकवायला गुरू हवा म्हणून चांदूरकरांनी तिवसाहून खुशालरावांना बोलावलं होतं. खुशालराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र, चांगले मातब्बर शेतकरी. त्यांच्या शेतातले रोडगे पंचक्रोशीत नावाजलेले. खुशालराव आले, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची सावलीत ओढून बसले आणि म्हणाले, हं, मळा.

पीठ किती घेऊ, तर अंदाजानं. मीठ किती, तर अंदाजानं. पाणी किती, तर ते तं पिठालेच समजते. चांदूरकर कोर्टात असते तर असा साक्षीदार त्यांनी केव्हाच फितूर जाहीर करून घेतला असता. त्यांची एक जुनी शिस्त होती. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. त्यामुळे नोकरीत त्यांचं कधी हसं झालं नाही आणि नवीन काही कळलंही नाही. इथे तर एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या तीन प्रश्नांनंतर ते गप्प बसले आणि आपल्याला समजलं असं दाखवत मळत राहिले.

गवऱ्या पेटल्या, धूर झाला, ज्वाळा उठल्या. खुशालराव म्हणाले, टाका. चांदूरकरांनी गोळे टाकले. थोड्या वेळाने खुशालराव म्हणाले, पलटवा. चांदूरकरांनी चिमटा घालून पाहिला तर पलटवायला काही सापडेना. बऱ्याच उकराउकरीनंतर काही काळे गोळे निघाले. एक रोडगा सापडलाच नाही. निघालेल्यांपैकी एक फोडला तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक, तीही अळणी.

चांदूरकरांनी मित्राकडे रोखून पाहिलं. अशी नजर त्यांनी फार दिवसांनी वापरली होती. शेवटचे रोडगे तुम्ही स्वतः कधी केले, असं त्यांनी विचारलं. खुशालराव म्हणाले, आमच्या वावरात दरसाल होतात. होतात हे ठीक, करतं कोण, असं चांदूरकरांनी पुन्हा विचारलं. खुशालरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं.

"आता तुमच्यापाशी काय खोटं बोलू बा. मी खाटीवर बसून राहतो अन् पलटवा म्हनतो. तेवढंच येते मले."

राग यायला हवा होता, पण चांदूरकरांना उलट हायसं वाटलं. मग खुशालराव खुर्चीवरून उठून खाली बसले आणि म्हणाले की उद्या पुन्हा पाहू. घरी काय सांगणार, असं चांदूरकरांनी विचारलं, तर म्हणाले कोर्टाचं काम हाय म्हनतो. असे ते रोज तिवसाहून एस.टी.ने येऊ लागले. रोज कोर्ट कशाचं म्हणून तिकडे त्यांच्या घरीही संशय सुरू झाला, पण तो त्यांचा प्रश्न.

खरी अडचण बिघडलेल्या रोडग्यांची होती. कचऱ्याच्या गाडीत टाकावेत तर ओला कचरा सुका कचरा बघायला बेबीताई फाटकात उभ्या. म्हणून चांदूरकर रोज दुपारी, कॉलनी वामकुक्षीत असताना, जास्वंदीखाली खड्डा करून ते पुरायचे. ज्या माणसाने पुरावा नष्ट केल्याच्या कलमाखाली कित्येकांना आत पाठवलं, त्याच्यावर ही वेळ आली. आणि भगवंतराव दुपारी झोपत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. भगवंतराव गच्चीवर पाण्याच्या टाकीआड उभे राहून बघत. सरकारी वकील भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, इकडेतिकडे पाहत अंगणात खड्डा करतो आणि काहीतरी पुरून वर माती थोपटतो. कॉलनीत चौथं मत तयार झालं. जुनं घर, जुनी जागा, काहीतरी सापडलंय, आणि त्याचाच नवस.

दरम्यान धुराची कोणीतरी मोबाइलवरून तक्रार केली आणि वॉर्डाच्या ऑफिसातून माणूस येऊन, उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल खुलासा करा असं सांगून गेला. कचरा हा शब्द चांदूरकरांना झोंबला. ते इस्त्रीचे कपडे करून ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंना त्यांनी अन्नपदार्थ आणि कचरा यांतला फरक कायद्याच्या भाषेत समजावून दिला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विस्तव कशासाठी पेटवला ते सांगा म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये कारण भरल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही असं पाहून चांदूरकर हळूच म्हणाले, शिकण्यासाठी. बाईंनी शिक्षण हे कारण निवडलं. त्याबरोबर कॉम्प्युटरने संस्थेचं नाव, विद्यार्थ्यांची संख्या आणि अग्निशमनाचा दाखला मागितला. विद्यार्थी दोन, दोघंही साठीच्या पुढचे आणि शिक्षक कोणी नाही, अशी संस्था नोंदवायची सोय त्यात नव्हती.

बाईंना दया आली. त्या म्हणाल्या, "साहेब, धार्मिक कार्यक्रम टाकून देते. तारीख सांगा अन् शेजाऱ्याची सही आना, हरकत नाही म्हनून." रोडगे म्हणजे नवसच ना, असंही त्या वर म्हणाल्या. चांदूरकरांनी सुटका व्हावी म्हणून पुढच्या रविवारची तारीख सांगून टाकली.

सहीसाठी भगवंतरावांकडे जाणं आलं. भगवंतरावांनी चहा दिला, बिस्किटं दिली, पेन मात्र दिलं नाही. कशाचा नवस हे माहीत नसताना सचिवाने सही कशी करायची, उद्या काही भानगड निघाली तर, असा त्यांचा सवाल होता. चांदूरकर पाऊण तास नवस नाही म्हणत राहिले. शेवटी ते थकले. आरोपी कसे थकतात ते त्यांना त्या दिवशी आतून कळलं. ते म्हणाले, "एक इच्छा होती, ती पूर्ण झाली असं समजा. आता करा सही."

भगवंतरावांनी सही केली आणि चांदूरकर फाटकाबाहेर पडायच्या आत कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की रविवारी साहेबांकडे नवसाचे रोडगे, सर्वांनी येण्याचे करावे. इतक्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बेबीताईंनी अकोल्याला फोन लावला. त्या म्हणाल्या, वयनी, साहेब नवस फेडून राह्यले अन् तुमीच नाई, असं कसं.

आता बेबीताईंचं ते तिसरं मत काय होतं ते सांगायला हवं, कारण तेच मत पलीकडे सरोजिनीबाईंच्या मनातही त्या क्षणी आलं. मागच्या महिन्यात बाईंच्या गळ्यात एक गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुई घालून तपासणी केली, रिपोर्ट आणायला चांदूरकर एकटे गेले, आणि आल्यावर काही नाही, साधी गाठ आहे, एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. पण ज्या माणसाने जन्मभर देवापुढे हात जोडताना घड्याळ पाहिलं, तो नवस बोलला, आणि बायकोला न सांगता बोलला, तर तो कोणासाठी? आणि इतका मोठा नवस बोलण्याइतकं त्या रिपोर्टात काय होतं? की अजून आहे?

सरोजिनीबाई रविवारी सकाळी कोणाला न कळवता अकोल्याहून निघाल्या. श्रावणीला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की माझं यायचं धरू नकोस.

त्या फाटकातून आत आल्या तेव्हा अंगण भरलेलं होतं. माणसं पत्रावळी मांडून बसलेली, खुशालराव गुडघ्यांपर्यंत राखेत, भगवंतराव व्यवस्था बघताहेत, आणि मधे धुरात उभे कमलाकांत, मिशीला कणीक लागलेली. बायकोला बघून त्यांच्या हातातला चिमटा पडला. घरात येऊन बस म्हणाले. बाई म्हणाल्या, नाही, इथेच.

"माझा रिपोर्ट काय होता, खरं सांगा."

चांगला होता असं त्यांनी सांगितलं. मग नवस कोणाचा, असं बाईंनी विचारलं. नवस नाही, असं त्यांनी सांगितलं. मग एवढं गाव जेवायला का बसलंय, असं बाईंनी विचारलं. ते धावत आत गेले आणि कपाटातून रिपोर्ट घेऊन आले. बाईंनी तो हातातही घेतला नाही. "कागदावर जाऊ नका, कागद कोण घेऊन आलं ते बघा, हे तुम्हीच घरीदारी सांगत आलात ना," असं त्या म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सरोजिनीबाईंच्या डोळ्यांत अशी भीती चांदूरकरांनी कधी पाहिली नव्हती. आणि ती त्यांनीच घातली होती, लाज वाचवायच्या नादात. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की समोर सगळी कॉलनी बसली आहे हे ते विसरले.

"सरोज, मला स्वयंपाक येत नाही," ते म्हणाले. "गॅससुद्धा येत नाही. तू श्रावणीला फोनवर सांगत होतीस ते मी ऐकलं. माझ्यापायी पोरीचं अडू नये, तू अकोल्याला जावंस, म्हणून शिकून राहिलो. दुसरं काही नाही."

पत्रावळीपाशी बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात विश्वास नव्हता. भगवंतरावांनी घसा साफ केला आणि सगळ्यांच्या मनातलं बोलले. साहेब, हे तुमी कोर्टात आयकून घेतलं असतं का, असं त्यांनी विचारलं. शिकायचं होतं तर वरणभात काहून नाई शिकले? अन् मंग रोज दुपारी जास्वंदीखाली काय पुरून राह्यले होते?

सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, जास्वंदीकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकवलेली खुरपी उचलून भगवंतरावांच्या हातात दिली. भगवंतरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. इतक्या वर्षांच्या सचिवपदात असं मनाजोगतं काम त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. लोक जेवण विसरून भोवती जमले. माती उकरली, आणि एक काळा गोळा निघाला. मग दुसरा. मग निघतच राहिले.

"हे काय हाय?" भगवंतरावांचा आवाज पडला होता.

"रोडगे," खुशालराव खाली मान घालून म्हणाले. "आमचे दोघाइचे."

सरोजिनीबाई खाली बसल्या. त्यांनी एकेक गोळा पदराने पुसून फरशीवर मांडला. तळाशी सापडला तो दगडासारखा, कोळसाच. त्याच्या वरचा फोडला तर आत नुसता गोळा. तुकडा जिभेला लावून त्यांनी विचारलं, मीठ? घातलं नव्हतं, असं चांदूरकर म्हणाले. मोहन? हा शब्द आपण पहिल्यांदाच ऐकतोय, असं चांदूरकर म्हणाले. त्यांनी कणीक कुठली घेतली ते विचारलं, तर पोळ्यांच्या डब्यातली बारीक. पुऱ्यांमध्ये तेल लावलं होतं का, तर पुऱ्याच लाटल्या नव्हत्या, नुसते गोळे वळले होते. बाई विचारत गेल्या आणि नवरा खरं सांगत गेला. असली उत्तरं कोणाला बनवता येत नाहीत. वरचा रोडगा खालच्यापेक्षा जरा कमी काळा होता. त्याच्या वरच्यात मीठ होतं. त्याच्याही वरच्यात पुऱ्यांचे पदर दिसत होते, कच्चे पण पदर. कालचा, सगळ्यात वर सापडलेला, एका बाजूने खरंच रोडग्यासारखा दिसत होता.

त्या शेवटच्या रोडग्यापाशी आल्यावर बाई हसायला लागल्या. आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम सुरू झालं आणि बेबीताईंनी त्यांना पाणी दिलं.

"नवस फेडणारा माणूस देवापुढं असला रोडगा ठेवायची हिंमत करणार नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हे खरंच शिकताहेत."

त्यांनी नवऱ्याच्या हातातला रिपोर्ट घेतला, घडी घालून कमरेला खोचला, आणि खुर्ची ओढून जगऱ्याजवळ बसल्या. बेबीताई पदर खोचून मदतीला पुढे झाल्या, तर त्यांनाही त्यांनी थांबवलं. आपण हात लावणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. एवढी माणसं बोलावलीत, तर तुम्हीच जेवू घाला.

चांदूरकर चिमटा घेऊन जगऱ्याकडे वळले, ज्वाळांकडे पाहिलं, आणि थांबले. त्यांनी मागे वळून बायकोला विचारलं, "आता टाकायचे की नाही, हे ओळखायचं कसं?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यांनी चारचौघांत विचारला, तो हा पहिला. ज्वाळा बसू द्या, निखारे पांढरे पडू द्या, मग टाका, असं बाईंनी सांगितलं. खुशालराव ते ऐकून थक्क झाले. आमच्या खाटीवरून हे दिसतच नव्हतं, असं ते म्हणाले. त्या दिवशी लोक चार वाजता जेवले. रोडगे थोडे कडक होते आणि काही एका अंगाने कच्चे होते, पण तुपाखाली सगळं जातं. वांग्याची भाजी खुशालरावांनी त्या दिवशी घरची गाडी काढून तिवसाहून तयारच आणली होती, म्हणून अब्रू राहिली.

तेवढ्यात अकोल्याहून श्रावणीचा फोन आला. ती घाबरलेली होती, आई अशी का निघून गेलीस म्हणत होती. सरोजिनीबाईंनी फोन धरला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, फी भरून टाक, मी येते आहे.

महिनाअखेरीस बाई अकोल्याला गेल्या. बडनेऱ्याला त्यांना गाडीत बसवून चांदूरकर घरी परतले, गॅस पेटवला, म्हणजे चौथ्या काडीला पेटवला, आणि कुकर लावला. शिट्ट्या किती द्यायच्या हे विचारायला त्यांनी अकोल्याला फोन केला. दाण्याचं कूट कशात असतं हे विचारायला परत केला. संध्याकाळी ते फाटकाशी उभे असताना भगवंतराव भिंतीपलीकडून हळूच जवळ आले. आता तं वयनी गेल्या, आता तं कोनी नाई, असं ते म्हणाले. आता खरं सांगा, नवस कशाचा होता?

चांदूरकरांनी थोडा विचार केला. आज सकाळी स्टेशनवरून येताना रस्त्यातल्या मारुतीपाशी त्यांनी ऑटो थांबवला होता, आणि घड्याळ न बघता हात जोडले होते.

"तेव्हा नव्हता. आज बोललो," ते म्हणाले. "मला रोडगे नीट जमू देत, एवढं मागितलं. जमले तर सगळ्या कॉलनीला जेवण."

"जेवन कशाचं?"

"रोडग्यांचं."

भगवंतरावांनी भिंतीवरून जास्वंदीकडे एकदा पाहून घेतलं. मग ते घरात गेले आणि बेबीताईंना म्हणाले की साहेब काही केल्या खरं सांगून नाई राहिले, पन या वेळेस मामला मोठा हाय.